बांधीतली लाखोरी : 'फक्त इथलंच खायचं' याचा एक इतिहास

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी जो आराखडा गाईड मॅडमना दिला, त्याचं शीर्षक होतं 'झाडीपट्टीतील पारंपरिक, स्थानिक व वनस्पतिजन्य आहार'. मला ते फार आवडलं होतं. मॅडमनी 'पारंपरिक' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात एवढंच लिहिलं : "परंपरा की टंचाई?"

त्या तीन शब्दांनी माझं दीड वर्ष खाल्लं. आज त्याबद्दल लिहितोय. एक तर हा विषय सध्या सगळीकडे चर्चेत आहे. शिवाय तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करताहेत आणि 'विषय कसा निवडायचा' असं विचारतात, त्यांना एका चुकीच्या विषयाचा बरा विषय कसा झाला ते दिसेल.

एक ताट मांडून बघू

पुण्यातल्या एका मित्राने महिनाभर 'लोकल व्हिगन' राहायचं ठरवलं होतं. म्हणजे दूध, दही, तूप, अंडी, मांस, मध काही नाही, आणि जे खायचं ते आसपासच पिकलेलं. त्याने मला फोन करून विचारलं, "तुझ्या मामाच्या गावाकडे हे केलं तर ताटात काय काय येईल?"

मामाचं गाव नाकाडोंगरीच्या बाजूला. नाकाडोंगरी म्हणजे भंडारा जिल्ह्याचा, तुमसर तालुक्याचा उत्तरेकडचा भाग. पलीकडे मध्य प्रदेशची हद्द, एका बाजूला जंगल, जवळच चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी. मी वहीत यादी केली. धानाच्या बांधीतला भात. धुऱ्यावरची तूर. पोपटाच्या शेंगा. वांगी, कोहळं, कोचई. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, कुड्याची फुलं, बांबूचे वास्ते. उन्हाळ्यात मोहफुलं, चार, टेंभरं. तेल जवसाचं. आणि डाळ? डाळ लाखोरीची.

यादी बघून मित्र खूश झाला. "अरे, हे तर सुपरफूड आहे सगळं!"

मी ही यादी आजीला वाचून दाखवली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबू, शौक नव्हता तो. होतं तेच खात होतो. अन् मासोळी कुठं गेली तुझ्या यादीतली?"

इथे दोन गोष्टी झाल्या. आजीने मॅडमचाच प्रश्न विचारला, आणि माझ्या यादीतली चूकही दाखवली. भंडारा हा तलावांचा जिल्हा. १९११ च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात या जिल्ह्यातली लहानमोठी तळी मोजून ३,६४८ दिली आहेत. (तेव्हाच्या जिल्ह्यात आजचा गोंदिया जिल्हाही होता, तो १९९९ मध्ये वेगळा झाला.) जिथे गावोगाव तलाव आणि बोडी, तिथे भातासोबत मासोळी असणारच. ढिवर समाजाचा तर तो धंदाच. म्हणजे 'इथला पारंपरिक वनस्पतिजन्य आहार' असं मी जे म्हणत होतो, तो मुळात वनस्पतिजन्य नव्हताच. मला हवं ते मी निवडून घेतलं होतं.

आजचे शब्द कालच्या माणसांना लावताना

संशोधनात ही चूक फार सहज होते. 'व्हिगन' हा शब्द १९४४ चा, इंग्लंडमधल्या डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवलेला. फक्त जवळपासचंच खाणाऱ्यांसाठी 'लोकाव्होर' हा शब्द २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाला. दोन्ही शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : खाणाऱ्यापुढे पर्याय आहेत आणि त्यातून तो निवड करतोय. हे शब्द १९०० सालच्या तुमसर परगण्यातल्या मजुराला लावले, तर त्याच्या भुकेला आपण न कळत 'निवड' म्हणून मोकळे होतो.

दुसरी अडचण 'लोकल' या शब्दाची. मीठ कुठून आलं? भंडाऱ्यात मीठ पिकत नाही. रेल्वेच्या आधी ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून यायचं आणि परतताना तेच बैल धान्य घेऊन जायचे. मिरची तर अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या मार्गाने भारतात आलेली. म्हणजे 'शंभर टक्के इथलं' असं ताट या भागात कधी नव्हतंच. थोडं बाहेरचं येणं आणि थोडं इथलं बाहेर जाणं, हे कायम चालू होतं. इतिहासाचा प्रश्न मग असा होतो : ही ये-जा कुणाच्या फायद्याची होती, आणि ती अडली तेव्हा ताटात काय उरलं?

निवडीचा प्रयोग : वर्धा

निवडून केलेला प्रयोग बघायचा असेल तर फार लांब जावं लागत नाही. नागपूरच्या पलीकडे वर्ध्याला तो झालेला आहे.

गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर, कालेनबाख यांच्यासोबत, दूध सोडलं. पुढे १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीचं काम करताना ते आमांशाने इतके खंगले की जगतील की नाही अशी वेळ आली. डॉक्टर दूध घ्या म्हणत होते, आणि व्रत आड येत होतं. शेवटी कस्तुरबांनी वाट काढली : व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचं दूध का नको? त्यांनी ते घेतलं. पण आपण व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा मारला ही बोचणी त्यांना कायम राहिली. आत्मकथेत त्यांनी ती लपवलेली नाही.

१९३४ च्या अखेरीस वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. मगनवाडीत हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ, पालेभाज्या, सोयाबीन अशा गोष्टींवर काम चाललं. 'हरिजन'च्या १९३५ च्या अंकांत गांधीजी तांदळाचं पॉलिश आणि पाल्यातली सत्त्वं यांवर जितक्या गांभीर्याने लिहितात, तितक्याच गांभीर्याने एरवी ते राजकारणावर लिहीत. विचार सरळ होता. गावात जे पिकतं तेच नीट खाल्लं तर पोषणही सुधारेल आणि पैसाही गावात राहील.

पण दुधाच्या प्रश्नावर ते अडले. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर लिहिताना त्यांनी मान्य केलं की दुधाची जागा घेणारी वनस्पती आपल्याला सापडली नाही, आणि ती शोधायचं काम त्यांनी वैद्य-शास्त्रज्ञांवर सोडलं. त्यांना आणि त्या वेळच्या कुठल्याच वैद्याला एक गोष्ट माहीत नव्हती : बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं ते १९४८ मध्ये. वनस्पतींतून ते पुरेसं मिळत नाही हे त्यानंतर उलगडत गेलं. आज व्हिगन माणूस बी-१२ ची गोळी घेतो, आणि ती गोळी काही बांधीत पिकत नाही.

इथे विद्यार्थ्यांसाठी एक टीप. 'गांधीजींना बी-१२ कळलं नाही' असं वाक्य प्रबंधात लिहू नका. त्या काळच्या माणसाला त्या काळी उपलब्ध ज्ञानावरच तोलायचं. त्यांचं मोठेपण असं की प्रयोग फसला तिथे त्यांनी 'फसला' असं लिहून ठेवलं. आपल्या शोधनिबंधांत ते किती जण करतात?

आणि आणखी एक. आजारी पडल्यावर शेळीचं दूध मागवता येणं हीसुद्धा एक सोय आहे. वर्ध्याच्या प्रयोगाला परतीचा रस्ता होता. आता जिथे तो नव्हता, तिकडे जाऊ.

सक्तीचा प्रयोग : भंडारा

धान हे पाण्याचं पीक. रोवणी होते, भादव्यात पाऊस दगा देतो आणि लोंबी भरतच नाही. तलाव असले तरी सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला की तेही तळाला जातात. तलाव आटला की धानासोबत मासोळीही जाते.

लाखोरीचं उलट आहे. धान अजून उभं असतानाच ओल्या बांधीत तिचं बी फेकून देतात. नांगर नको, खत नको, वेगळं पाणी नको. धान कापून झाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर ती वाढते. पाणी साचलं तरी टिकते, कोरडं पडलं तरी टिकते. कोवळे शेंडे खुडून भाजी, दाणे भरडून डाळ, डाळीचे वडे, उरलेलं कुटार बैलांना. शंभर ग्रॅम लाखोरीत पंचवीस ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात. आजच्या भाषेत म्हणायचं तर 'लोकल', 'व्हिगन', 'क्लायमेट रेझिलियंट', सगळं एका दाण्यात.

आणि त्याच दाण्यात विषही. सलग दोन-तीन महिने जेवणाचा मोठा भाग लाखोरीच असेल, तर काही माणसांचे पाय कायमचे आखडतात. हा लकवा बहुतेकदा तरुण, कष्टकरी पुरुषांना गाठतो. कधी एका रात्रीत, कधी हळूहळू. भारतातल्या डॉक्टरांनी त्याच्या पायऱ्या अगदी साध्या शब्दांत मांडल्या आहेत : काठीशिवाय चालणारा, एक काठी लागणारा, दोन काठ्या लागणारा, आणि सरपटणारा. बुद्धी शाबूत राहते, हात चालतात, आयुष्यही फारसं कमी होत नाही. फक्त पाय परत येत नाहीत.

मध्य भारतातली याची एक जुनी नोंद विल्यम स्लीमनची आहे, ठगांच्या बंदोबस्तासाठी आपण ज्याला ओळखतो तोच. १८४४ मध्ये आलेल्या त्याच्या आठवणींच्या पुस्तकात सागर भागातली हकीकत आहे. १८३० च्या आसपास काही वर्षं गहू बुडाला, तिवडा (म्हणजे लाखोरीच) तेवढा तगला, लोकांनी तो खाल्ला आणि गावातल्या तरण्या माणसांचे पाय गेले. १८७३ मध्ये नेपल्सच्या आर्नाल्डो कांतानी यांनी या रोगाला 'लॅथिरिझम' हे नाव दिलं. युरोपला तो नवा नव्हता. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्येच या पिठाच्या पावावर बंदी घातली होती.

आमच्या भागासाठी कळीचा दस्तऐवज म्हणजे अँड्र्यू ब्यूकॅनन यांचा सरकारी अहवाल, १९०४ मध्ये नागपूरला छापलेला. विषय : मध्य प्रांतातला १८९६ ते १९०२ या काळातला लॅथिरिझम. भंडारा तेव्हा मध्य प्रांतातच होता.

या अहवालाच्या शीर्षकातले आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझं लक्ष गेलं नव्हतं. दुसऱ्यांदा गेलं. १८९६-९७ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा दुष्काळ. १९०१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी कमी. अहवालाचा काळ बरोबर या दोन दुष्काळांना कवेत घेतो. म्हणजे रोगाचं हे वेळापत्रक पावसाचं आहे, आणि भाकरीच्या भावाचंही.

भावाचं का? कारण एव्हाना रेल्वे आलेली होती. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड मार्ग सुरू झाला, पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला, आणि तुमसर रोड हे त्यावरचं स्टेशन. रेल्वेने धान्य आणणंही शक्य झालं आणि नेणंही. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे धान्य जातं, आणि दुष्काळात मजुराकडे मजुरीच नसते. तांदूळ हे बाजारात चालणारं धान्य होतं. लाखोरीला तशी किंमत नव्हती, म्हणून ती मागे उरली. गरिबाच्या ताटात 'स्थानिक अन्न' आलं ते असं. जे विकण्यासारखं होतं ते गेलं, आणि जे राहिलं ते त्याने खाल्लं.

माझ्या प्रबंधाचं खरं विधान या जागी जन्मलं. दुष्काळात आहार 'स्थानिक' होतो तो बाजाराने टाकून दिलेल्या धान्यापुरता. अर्थात हा माझा युक्तिवाद आहे. अहवालाने तो माझ्या हातात आयता दिलेला नाही. पुरावा आणि युक्तिवाद यांच्यामधली रेघ लिहिताना स्पष्ट ठेवा, तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो.

दोषी कोण : दाणा की ताट?

१९६४ मध्ये भारतातल्याच शास्त्रज्ञांनी, राव, अडिगा आणि शर्मा यांनी, लाखोरीतलं मज्जासंस्थेवर परिणाम करणारं द्रव्य वेगळं काढलं. त्याला आज बीटा-ओडॅप म्हणतात. आता गुन्हेगार सापडला असं वाटतं. पण प्रकरण तिथे संपत नाही. गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या लाखोरी खाल्ली गेली आणि बहुतेकांना काही झालं नाही. आमची आजी आजही धडधाकट चालते. मग कुणाला झालं?

पुढच्या संशोधनाने जे चित्र दिलं ते साधारण असं. लाखोरी भातासोबत, भाजीसोबत, थोडी थोडी खाल्ली तर धोका फार कमी. तिच्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात, धान्यांत ती असतात. दोन्ही एकत्र आलं की उणीव भरून निघते. डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलं की विषाचा मोठा भाग निघून जातो. आमच्याकडे बायका हे करतातच. आजीला ओडॅप माहीत नाही, पण "पहिलं पानी फेकाचं" हे माहीत आहे.

आता दुष्काळातलं घर डोळ्यांसमोर आणा. भात नाही, म्हणून मिश्रण नाही. तलाव आटलेले, म्हणून उकळून फेकायला पाणी नाही. सरपणाला ताकद नाही. दिवसभर खडी फोडायची किंवा माती वाहायची. लाखोरी सुरक्षित करणारी एकूण एक गोष्ट दुष्काळ एकदम काढून घेतो, आणि लाखोरी तेवढी शिल्लक ठेवतो.

दुष्काळच लागतो असंही नाही. रीवा-सतना भागात वेठबिगार मजुरांना मजुरीच लाखोरीत दिली जायची. तिथे पाऊस बरा असतानाही पाय गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ मध्ये, रोमेनियाच्या ताब्यातल्या वाप्न्यार्का छावणीत ज्यू कैद्यांना हेच दाणे खायला घातले आणि शेकडो जण पांगळे झाले. कैद्यांपैकीच एक डॉक्टर, आर्थर केसलर, यांनी रोग ओळखला. भंडारा, रीवा, वाप्न्यार्का. हवा वेगळी, माणसं वेगळी, राज्यकर्ते वेगळे. समान काय? खाणाऱ्याच्या हाती ताट बदलण्याची सत्ता नसणं.

बंदी कुणासाठी?

स्वतंत्र भारताने या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिलं. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांनुसार १९६१ मध्ये लाखोरीच्या विक्रीवर बंदी आली. नीट वाचा : बंदी विक्रीवर. पेरण्यावर नाही, खाण्यावर नाही. शिवाय ती राज्याराज्यांनी लागू करायची होती. महाराष्ट्रात ती लागू झाली. मध्य प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल अशा राज्यांत नाही. भंडारा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशातच होता. राज्य पुनर्रचनेची रेघ थोडी दक्षिणेला पडली असती, तर नाकाडोंगरीच्या शेतकऱ्याची लाखोरी कायदेशीर राहिली असती. हद्दीपलीकडे तेच पीक, तीच माती, आणि कायदा दुसरा.

आता कायद्याचं नाव बघा. अन्न*भेसळ*. लाखोरी तूरडाळीत आणि बेसनात मिसळली जायची, ही शहरातल्या ग्राहकाची तक्रार. तिला हा कायदा बरोबर उत्तर देतो. पण ज्याच्या ताटात लाखोरीशिवाय काही नाही, त्याच्या ताटात दुसरं काय येणार, याबद्दल तो गप्प आहे. उलट, विकायची सोय गेल्यावर पिकवणाऱ्याला ती घरीच खावी लागते. बंदीने विष बाजारातून हटवलं, घरातून हटवलं का, हा प्रश्न मी मोकळा ठेवतोय. तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर घ्या.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून अनेक वर्षं मोहीम चालवली, उपोषणं केली. म्हणणं असं की गरिबाचं स्वस्त प्रथिन तुम्ही भीतीपोटी हिरावून घेताय. दुसऱ्या बाजूला, मागे पांगळी झालेली माणसं डोळ्यांनी पाहिलेले डॉक्टर आणि कार्यकर्ते. जानेवारी २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने कमी विषाच्या वाणांना अनुकूलता दाखवल्याची बातमी आली. रतन, प्रतीक, महातेओरा अशी त्या वाणांची नावं. मग दोन्ही बाजूंनी पुन्हा वाद पेटला.

वर्तमानपत्रं वाचताना मला जाणवलं की दोन्ही बाजू दाण्याबद्दल बोलत होत्या. 'दाणा विषारी आहे', 'दाणा विषारी नाही'. ब्यूकॅननच्या अहवालाने १८९६ ते १९०२ हा काळ निवडला, तेव्हाच तो अप्रत्यक्षपणे सांगत होता की नुसता दाणा बघून चालणार नाही, वर्ष बघा. सव्वाशे वर्षांनी आपण परत दाण्यावरच आहोत.

तुमच्या वहीसाठी

हे सगळं एका लाखोरीपुरतं नाही. आहाराच्या इतिहासावर काम करायचं असेल तर मी आता कुठल्याही ताटाला चार प्रश्न विचारतो. हे ताट निवडलेलं आहे की उरलेलं? यातलं बाहेरून काय आलं आणि इथून बाहेर काय गेलं? हे ताट बिघडलं तर खाणाऱ्याला परतीचा रस्ता होता का? आणि याची नोंद कुणी, कशासाठी केली?

चौथा प्रश्न सगळ्यात त्रासाचा. स्लीमन प्रशासक, ब्यूकॅनन सरकारी डॉक्टर, गांधीजी स्वतःच स्वतःची नोंद ठेवणारे. ज्यांचे पाय गेले त्यांची स्वतःची नोंद मला अजून सापडलेली नाही. म्हणून मी आता गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलतोय. तीसुद्धा थेट साक्ष नव्हे, ऐकीव आहे, आणि ऐकीव म्हणूनच मी ती वापरणार. पण "पहिलं पानी फेकाचं" हे वाक्य कुठल्याही अहवालाइतकंच ऐतिहासिक साधन आहे. कुणाला तरी ते किंमत मोजून कळलं असणार.

पुण्याच्या मित्राने महिना पूर्ण केला, दोन किलो वजन घटलं, आनंदात आहे. त्याला मी नावं ठेवत नाही. आसपासचं पिकलेलं खावं, जनावरांवर ताण नको, हे म्हणणं चांगलंच आहे, आणि आमच्या बांधीतली लाखोरी कुणी विकत घेणार असेल तर शेतकऱ्याला हवंच आहे. मी त्याला एवढंच सांगितलं की तुझा प्रयोग सुरक्षित आहे तो तांदूळ, भाजी, गॅस, नळाचं पाणी आणि बी-१२ ची गोळी यांमुळे. यातलं शेवटचं सोडलं तर बाकीचं प्रत्येक घरी असतं असं धरून चालू नकोस.

आराखड्याचं शीर्षक बदललं. आता ते आहे : 'उरलेलं अन्न : भंडारा जिल्ह्यातील लाखोरी, दुष्काळ आणि कायदा'. मॅडमनी या वेळी कुठल्याच शब्दाला गोल केला नाही. समासात फक्त लिहिलं, "आजीची मुलाखत तारखेसह नोंदवा."

नोंदवली. मुलाखतीनंतर तिने लाखोरीचे वडे तळले. आधी पाणी फेकून.